ध्रुव न दिसतां ध्रुवसाधन

सुशिक्षितांच्या पुष्कळ घरांत आज एखादी दुर्बीण सांपडते. ग्रहणाच्या किंवा ग्रहांच्या युतीच्या निमित्तानें ती विकत घेतली जाते, चार रात्री गच्चीवर मिरवते आणि पुढें माळ्यावर जुन्या पाळण्याशेजारीं जाऊन बसते. कारण विचारलें असतां उत्तर ठरलेलें असतें: "तारा भिंगांत ठरतच नाहीं, यंत्र बिघडलें आहे." ह्या निकालाविरुद्ध यंत्रातर्फे दोन शब्द बोलावे, असें आमच्या मनांत पुष्कळ दिवसांपासून आहे. अशा ज्या दुर्बिणी आमच्या पाहण्यांत आल्या, त्यांतील बहुतेकींचीं भिंगें स्वच्छ होतीं व मोटारी धड होत्या. उणीव एवढीच होती कीं, ज्या आंसाभोंवतीं दुर्बीण फिरत होती, तो आंस पृथ्वीच्या आंसाशीं समांतर नव्हता.

हा दोष लहान दिसला तरी त्याचा परिणाम लहान नाहीं. दहाबारा वर्षांचें मूल मोठ्या उत्सुकतेनें भिंगास डोळा लावितें, शनीचें कडें क्षणभर दिसतें न दिसतें तोंच तें निसटतें, आणि "आकाश पाहणें हें आपलें काम नव्हे" अशी त्या मुलाची समजूत होऊन बसते. एकदां बसलेली ही समजूत पुढें सहसां निघत नाहीं. म्हणून हा दोष कसा ओळखावा व कसा काढावा, हें ह्या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे. त्यासाठीं मोठें गणित किंवा महाग उपकरण लागत नाहीं. घड्याळ, वही व थोडा धीर एवढी सामग्री पुरते.

दोन आंसांची बैठक

पृथ्वी स्वतःभोंवतीं एक फेरा २३ तास ५६ मिनिटें ४ सेकंदांत पुरा करिते. त्यामुळें सारें तारामंडळ दर तासास सुमारें १५ अंश पश्चिमेकडे सरकतांना दिसतें. नुसत्या डोळ्यांस ही गति जाणवत नाहीं; परंतु दुर्बीण बिंब जितकें मोठें करिते, तितकीच ती गतीही वाढवून दाखविते. ज्या नेत्रभिंगांतून आकाशाचा अर्धा अंश दिसतो, त्यांतून विषुववृत्ताजवळचा तारा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अवघ्या दोन मिनिटांत निघून जातो. घरचीं पांच माणसें रांगेंत उभीं असलीं, तर तिसऱ्याची पाळी येईतों गुरु भिंगाबाहेर गेलेला असतो.

ह्यावर उपाय म्हणून विषुववृत्तीय बैठक निघाली. बाजारांत ती इक्वेटोरिअल माउंट ह्या नांवानें मिळते. तिला दोन आंस असतात. पहिला पृथ्वीच्या आंसाशीं समांतर ठेवावयाचा. त्यास ध्रुवाक्ष म्हणूं. दुसरा त्याशीं काटकोनांत असतो, व त्यावर दुर्बीण उत्तर-दक्षिण, म्हणजे क्रांतीच्या दिशेनें, फिरते. तारा एकदां धरिला कीं दुसरा आंस आवळून टाकावा, आणि ध्रुवाक्ष तेवढा पृथ्वीच्या उलट दिशेनें, पृथ्वीच्याच वेगानें फिरवावा. हें काम मोटार करिते, किंवा तिच्या अभावीं हातानें फिरवावयाची कळ. ध्रुवाक्ष बरोबर लागला असेल तर तारा भिंगाच्या मध्यावर खिळल्यासारखा राहतो.

ह्या बैठकीमागील तत्त्व आपल्यास अगदीं अपरिचित नाहीं. सवाई जयसिंगानें अठराव्या शतकांत जयपुरास बांधिलेलें सम्राटयंत्र ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस तेथील सुमारें ९० फूट उंचीची तिरपी भिंत आठवेल. त्या भिंतीची वरची धार जयपुराच्या अक्षांशाइतक्या, म्हणजे जवळजवळ २७ अंशांच्या कोनांत उत्तरेकडे चढत गेली आहे. ती धार म्हणजे चुन्यादगडांत बांधलेला ध्रुवाक्षच होय. दुर्बिणीस ही रचना, घड्याळी चालीसह, उत्तम रीतीनें लाविली ती जर्मनींतील फ्राउनहोफर ह्यानें. त्यानें घडविलेली दुर्बीण १८२४ सालीं डोर्पाट, म्हणजे आजच्या एस्टोनियांतील टार्टू, येथील वेधशाळेंत बसली, व तिच्याच साह्यानें स्ट्रूव्हे ह्यानें तीन हजारांहून अधिक जोडताऱ्यांची यादी केली. आपल्या पुण्यासही गेल्याच्या मागील शतकांत प्रा. कावसजी दादाभाई नायगांववाला ह्यांनीं महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली होती. तींतील डब्लिनच्या ग्रब्ब ह्यांनीं बनविलेली २० इंची आरशाची दुर्बीण १९१२ सालीं वेधशाळा बंद झाल्यावर कोडईकनाल येथें गेली.

आधीं स्थूल साधन

नववधूस अरुंधती दाखवितांना प्रथम जवळचा मोठा तारा दाखवावा, व तेथून दृष्टि बारीक ताऱ्याकडे न्यावी, असा आपल्याकडील न्याय आहे. ध्रुवाक्ष लावितांनाही हाच स्थूलारुंधतीन्याय लागू पडतो.

पहिली गोष्ट उंचीची. उत्तर गोलार्धांत कोणत्याही गांवीं उत्तर ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची त्या गांवच्या अक्षांशाइतकीच असते. आपले सिद्धांतकार हीस ध्रुवोन्नति म्हणत. पुण्यास ती १८ अंश ३१ कला, मुंबईस १९ अंशांस किंचित् कमी, नागपुरास २१ अंशांहून थोडी अधिक, व पणजीस साडेपंधरा अंश आहे. तिवईचा माथा पाणसळ लावून सपाट करावा आणि बैठकीवरील अक्षांशपट्टीचा कांटा आपल्या गांवच्या अंकावर आणावा. येथें एक अडचण येते. ह्या बैठकी बहुधा ४०-५० अंशांवरील देशांतील ग्राहक डोळ्यांपुढें ठेवून आंखलेल्या असतात. आपल्याकडील अक्षांशापर्यंत त्या उतरतांना कधीं पुढचें मळसूत्र आड येतें, तर कधीं तोलाच्या वजनाचा दांडा तिवईच्या उत्तरेकडील पायावर आदळतो. मळसूत्र आखूड घालून, व शक्य असल्यास तिवई वळवून, तिच्या दोन पायांमधील मोकळी जागा उत्तरेकडे येईल असें करून ही अडचण टाळतां येते.

दुसरी गोष्ट दिशेची. होकायंत्रानें उत्तर काढावी. महाराष्ट्रांत चुंबकीय उत्तर व खरी उत्तर ह्यांत फारसें अंतर नाहीं. मात्र गच्चीच्या लाद्यांखालीं लोखंडी सळया असतात, कठड्यास लोखंड असतें, व खुद्द बैठकही लोखंडाची असते. म्हणून होकायंत्र बैठकीपासून चार हात दूर धरून दिशा घ्यावी व जमिनीवर खडूनें रेघ ओढावी.

ध्रुवतारा दिसत असेल तर ध्रुवाक्ष त्याजकडे रोखावा, हें ओघानेंच आलें. परंतु विवाहांत अढळपणाची खूण म्हणून दाखविला जाणारा हा तारा खऱ्या ध्रुवस्थानीं नाहीं. आज तो त्या बिंदूपासून सुमारें ३८ कला, म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीहूनही थोडा अधिक, दूर आहे, व त्याभोंवतीं लहानशी प्रदक्षिणा घालीत असतो. अयनचलनामुळें हें अंतर बदलत जातें. इसवी सनापूर्वीं २८०० च्या सुमारास ध्रुवपद कालियांतील थुबान ह्या ताऱ्याकडे होतें, आणि आतांचा ध्रुवतारा ध्रुवबिंदूच्या अत्यंत निकट येईल तो २१०० सालच्या सुमारास. ताऱ्यासच ध्रुवबिंदु मानून आपण थांबलों, तर चार मिनिटांत धरिलेला ग्रह चाळीस विकलांपर्यंत सरकूं शकतो. गुरूचें बिंब साधारण तेवढेंच असतें. म्हणजे चार मिनिटांत गुरु आपल्या स्वतःच्या रुंदीइतका जागचा हलला.

शिवाय आपल्या बाजूस ध्रुव दिसणेंच कठीण. लंडनास तो निम्म्याहून अधिक उंच असतो. पुण्यास साडेअठरा अंशांवर, धुळीच्या व दिव्यांच्या पट्ट्यांत. समोर चार मजली इमारत, नारळाचें झाड किंवा टेंकडी आली कीं तो गेलाच. तेव्हां ध्रुवाकडे न पाहतां ध्रुव साधण्याची कांहीं युक्ति असल्यास ती आपल्यालाच सर्वांत अधिक उपयोगी. सुदैवानें अशी युक्ति आहे, व ती शंभराहून अधिक वर्षांची जुनी आहे. जर्मनींत ती शायनर ह्यांच्या व फ्रान्सांत बिगूर्दां ह्यांच्या नांवानें ओळखिली जाते.

घरचे दोष निराळे

तिकडे वळण्यापूर्वीं, ज्या दोषांचा ध्रुवाक्षाशीं संबंध नाहीं ते वेगळे काढिले पाहिजेत. नाहीं तर एकाचा दंड दुसऱ्यास व्हावयाचा.

दुर्बिणीच्या माथ्यावरील शोधक लहान दुर्बीण मोठीशीं जुळलेली नसली तर तारा सांपडतच नाहीं. ती दिवसा दूरच्या देवळाच्या कळसावर किंवा मनोऱ्यावर रोखून जुळवावी. सूर्याकडे मात्र चुकूनही रोखूं नये. दोन्ही आंसांवर तोल साधलेला नसला तर मोटारीवर ओढ येते. नळी बैठकीवर किंचित् तिरपी बसली असली, तर तारा शोधतांना क्रांतीचे व विषुवांशाचे आंकडे जुळत नाहींत. नळी ध्रुवाक्षाशीं समांतर करून ध्रुवाक्ष फिरवावा. दृश्य आपल्या मध्याभोंवतीं न फिरतां एका बाजूभोंवतीं फिरूं लागलें, व क्रांतीचा आंस थोडा हालवूनही तें सुधारलें नाहीं, तर नळीच्या एका कड्याखालीं जाड कागदाची घडी घालावी. परंतु हा दोष धरिलेल्या ताऱ्यास हालवीत नाहीं, हें लक्षांत ठेवावें.

आणखी एक दोष फसवा आहे. मोटार ज्या मळसूत्री दांड्यानें दांतेरी चक्र फिरविते, त्याच्या घडणींतील सूक्ष्म उणिवेमुळें तारा पूर्वपश्चिम मागेंपुढें झुलतो. चक्रास १४४ दांते असतील, तर ह्या झुल्याची एक फेरी सुमारें दहा मिनिटांची असते. हा झुला ठराविक वेळानें परत येतो, व तो पूर्वपश्चिमच असतो. ध्रुवाक्षाचा दोष ओळखतांना आपणांस ताऱ्याचें उत्तरदक्षिण सरकणें तेवढें पाहावयाचें आहे. पूर्वपश्चिम जें होईल तें त्या वेळीं मनावर घेऊं नये.

ताऱ्याची साक्ष

आतां मुख्य कृति. नेत्रभिंग शक्तिमान् घ्यावें; दीडशेपट मोठें दिसेल इतकें पुरे. त्यांत आडवी व उभी अशा दोन तारा ताणलेल्या असल्या तर उत्तम. नसल्या तर तारा दृश्याच्या कडेस आणून ठेवावा, म्हणजे त्याचें थोडेंसें सरकणेंही कळतें.

प्रथम भिंगांतील दिशा ठरवाव्या. दुर्बिणींत चित्र उलटें दिसतें, व मध्यें तिरपा आरसा असला तर डावेंउजवेंही बदलतें. म्हणून अनुमानावर विसंबूं नये. नळी बोटानें किंचित् ध्रुवाच्या बाजूस ढकलावी. तारा ज्या कडेकडे सरकेल ती दक्षिण. मोटार क्षणभर बंद करावी. तारा ज्या कडेकडे जाईल ती पश्चिम. हें वहींत आकृति काढून टिपून ठेवावें.

पहिला तारा दक्षिणेकडील, याम्योत्तरवृत्ताजवळचा आणि विषुववृत्ताजवळचा निवडावा. मृगाच्या पोटांतील बाणाचे जे तीन तारे, त्यांपैकीं जो प्रथम उगवतो तो विषुववृत्तापासून तिसऱ्या हिश्शाच्या अंशानेंच दूर आहे. ह्या कामास त्याहून चांगला तारा नाहीं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यांत रात्रीं नऊच्या सुमारास तो पुण्यास बरोबर याम्योत्तरावर येतो. मेच्या मध्यास साडेदहाच्या सुमारास चित्रा, व पावसाळा सरल्यावर ऑक्टोबराच्या आरंभीं आठच्या सुमारास श्रवण हे तारे घेतां येतात. मोटार चालू ठेवून तारा मध्यावर आणावा, क्रांतीचा आंस आवळावा, आणि हात न लावितां पाहत राहावें. तारा दक्षिणेकडे सरकूं लागला, तर ध्रुवाक्षाचें टोंक खऱ्या उत्तरेच्या पूर्वेस गेलें आहे. तें पश्चिमेकडे, म्हणजे उत्तरेस तोंड करून उभे असतां डावीकडे, वळवावें. तारा उत्तरेकडे सरकला तर उलट करावें. ह्या वेळीं फक्त आडवें वळविणारीं मळसूत्रें फिरवावीं, उंचीच्या मळसूत्रास स्पर्श करूं नये.

दुसरा तारा पूर्वेकडील, क्षितिजापासून वीस ते तीस अंश उंचीचा, व शक्यतों विषुववृत्ताजवळचा घ्यावा. वर सांगितलेल्या फेब्रुवारीच्या वेळीं मघा पूर्वेस सुमारें साडेतेवीस अंश उंच असते. ती विषुववृत्ताच्या बारा अंश उत्तरेस आहे, पण चालते. हा तारा दक्षिणेकडे सरकला तर ध्रुवाक्ष खालीं झुकला आहे, तो वर उचलावा. उत्तरेकडे सरकला तर ध्रुवाक्ष फार वर आहे, तो उतरवावा. पूर्व बाजू झांकलेली असल्यास पश्चिमेचा तारा घ्यावा, परंतु तेथें हा दुसरा नियम अगदीं उलटा होतो. उंची सुधारल्यावर पुन्हां पहिल्या ताऱ्याकडे यावें, कारण एक मळसूत्र आवळतांना दुसरें थोडें हालतेंच. दोनतीन फेऱ्यांत काम पुरें होतें.

मळसूत्र किती फिरवावें, ह्याचाही हिशेब आहे. आकाश चार मिनिटांत एक अंश फिरतें. सूर्यसिद्धांतांत परिघाच्या २१६०० कलांस त्रिज्या ३४३८ कला धरिली आहे, म्हणजे ५७ अंशांहून थोडी अधिक. त्याच न्यायानें, चार मिनिटांत तारा उत्तरदक्षिण जितका सरकला, त्याच्या सुमारें ५७ पट ध्रुवाक्ष चुकलेला असतो. सरकणें मोजण्यास भिंगाचें दृश्य किती रुंद आहे हें ठाऊक पाहिजे. तेंही तारा सांगतो. मोटार बंद करून विषुववृत्तावरील तारा कडेपासून कडेपर्यंत मध्यांतून जाऊं द्यावा. दर चार सेकंदांस एक कला. त्यास ८० सेकंद लागले तर दृश्य २० कलांचें. आतां मोटार चालू असतां तारा २० मिनिटांत मध्यापासून कडेच्या अर्ध्या वाटेवर, म्हणजे पांच कला गेला, असें समजा. चार मिनिटांस एक कला झाली. तेव्हां ध्रुवाक्ष ५७ कला, जवळजवळ एक अंश, चुकला आहे. शाळेंत शिकलेली त्रिज्या पुढें कोठें उपयोगी पडते, असें विचारणाऱ्या मुलांस हें उदाहरण अवश्य करावयास द्यावें.

दोन तारे कशासाठीं

कोणी विचारील कीं, एकाच ताऱ्याकडे पाहून दोन्ही मळसूत्रें कां फिरवूं नयेत? ह्या प्रश्नाच्या उत्तरांतच ह्या युक्तीचें मर्म आहे. ध्रुवाक्षाचा दोष दोन प्रकारचा असतो: उंचीचा व दिशेचा. नैर्ऋत्येच्या किंवा आग्नेयेच्या ताऱ्यावर ते दोन्ही एकदमच परिणाम करितात. तारा सरकतो, पण कोणामुळें सरकतो हें कळत नाहीं. कधीं तर एकाचा परिणाम दुसऱ्यास मारक होऊन तारा स्थिर दिसतो, व पाहणारा समाधान मानून बसतो. याम्योत्तरावरील तारा उंचीच्या दोषामुळें उत्तरदक्षिण हालत नाहीं. तेथें दिशेचा दोष एकटा सांपडतो. ठीक पूर्वेच्या ताऱ्यावर दिशेचा दोष मुका होतो, व उंचीचा एकटा बोलतो. दोन साक्षीदारांस निरनिराळें बसवून विचारण्यासारखेंच हें आहे.

ह्या रीतीचा उपयोग पुण्यांतील आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत कसा झाला, तें सांगण्यासारखें आहे. २१ डिसेंबर २०२० रोजीं, म्हणजे चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशीं, गुरु व शनि एकमेकांपासून अवघ्या सहा कलांवर आले होते. त्यासाठीं घरांत नवी दुर्बीण आली होती. मोटार लावूनही दोन्ही ग्रह तीन मिनिटांत भिंगाबाहेर जात. आजोबांनीं मोटार सदोष ठरवून दुकानदारास परत करण्याचें ठरविलें. काकांनीं त्यास दुजोरा दिला. सहावींत शिकणारी नात मात्र वहींत वेळ टिपीत होती. त्याच संध्याकाळीं अर्धा चंद्र दक्षिणेस याम्योत्तरावर होता, व तो भिंगांत पंधरा मिनिटें टिकला होता. ती म्हणाली, "आजोबा, मोटार थकली असती तर चंद्रही पळाला असता. आणि गुरु पुढें जात नाहीं, खालीं दक्षिणेकडे जातो." आजोबा निवृत्त वकील, साक्ष तोलण्याची त्यांस सवय. त्यांनीं दोनदां घड्याळ लावून पाहिलें, आणि नात सांगते तसेंच घडलें. याम्योत्तरावर दोष नाहीं, त्या अर्थी दिशा बरोबर. पश्चिमेस तारा दक्षिणेकडे जातो, त्या अर्थी ध्रुवाक्ष फार वर. अक्षांशपट्टी पाहिली तों कांटा ३५ वर. पेटींतून निघाला तसाच. तो साडेअठरावर आणिल्यावर उरलेली संध्याकाळ घरांतील अकरा माणसांनीं पाळीपाळीनें ती युति पाहिली, व मोटार परत करण्याचा विषय पुन्हां निघाला नाहीं.

त्या मुलीनें नवें कांहीं शोधून काढिलें नाहीं. दोष कोठें दिसतो व कोठें दिसत नाहीं, हें दोन्ही तिनें लिहून ठेविलें, एवढेंच. वडीलधाऱ्यांच्या तोंडून निकाल लागल्यावरही वहींतील आंकडे पुढें करण्यास तिला धीर झाला, आणि वडिलांनीं ते तपासून पाहिले; ह्या दोन गोष्टींवर त्या घरांत दुर्बीण राहणार कीं माळ्यावर जाणार, हें ठरलें.

किती अचूक असावें

नुसतें पाहावयाचें असेल तर फार सूक्ष्मांत शिरण्याचें कारण नाहीं. ध्रुवाक्ष दहा कला चुकला असला तरी तासाभरांत तारा अडीच कलांहून थोडाच अधिक सरकेल, व तेवढें कोणास जाणवणारही नाहीं. फोटो घेणाऱ्यांची गोष्ट निराळी. ते एक तारा धरून यंत्राकरवीं त्यास सारखे मध्यावर आणीत असतात; पण ध्रुवाक्ष वांकडा असला तर धरिलेला तारा ठिपका राहतो आणि भोंवतालचे तारे त्याच्याभोंवतीं लहान लहान कमानी काढितात. तारा हातानें ओढून मध्यावर आणण्यानें दोष झांकतो, जात नाहीं, ह्याचा हा चित्ररूप पुरावा होय. अशांनीं चूक दोनतीन कलांच्या आंत आणावी. त्या मानानें पाहतां वातावरणाचाही विचार करावा लागतो, कारण पुण्यासारख्या ठिकाणीं साडेअठरा अंशांच्या उंचीवर ध्रुव वक्रीभवनामुळें सुमारें तीन कला वर उचललेला दिसतो.

आजकाल कॅमेरा व संगणक मिळून आकाशाचे फोटो ताऱ्यांच्या नकाशाशीं जुळवितात आणि ध्रुवाक्ष किती कला कोणीकडे चुकला हें पांच मिनिटांत सांगतात. ज्यांस तें साधन परवडतें त्यांनीं तें खुशाल वापरावें. शेवटीं फिरवावीं लागतात तीं हींच दोन मळसूत्रें. जुन्नराजवळ गिरवली येथें २००६ सालीं सुरू झालेल्या आयुकाच्या दोन मीटर आरशाच्या दुर्बिणीस तर ध्रुवाक्षच नाहीं. तिचे आंस उभे-आडवे असून संगणक क्षणोक्षणीं दोहोंचा वेग ठरवितो. परंतु घरगुती विषुववृत्तीय बैठकीस ही सोय नसते. कांहीं बैठकींतील संगणक तीन तारे दाखविल्यावर चौथा आपोआप शोधून देतो. त्यावरून ध्रुवाक्ष नीट लागला असें मानूं नये. तारा शोधणें वेगळें व तो धरून ठेवणें वेगळें.

ज्यांस प्रत्यक्ष कोणी दाखवावें असें वाटत असेल त्यांनीं आपल्या गांवच्या हौशी खगोलमंडळाकडे जावें. पुण्यांत ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालापासून हें कार्य करीत आहे. घरीं करूं इच्छिणाऱ्यांस आमची सूचना अशी: अमावास्येच्या आसपासची सुटीची रात्र धरावी, एकानें भिंगाशीं बसावें, एकानें घड्याळ सांगावें, एकानें लिहावें, आणि मळसूत्र फिरविणाऱ्यानें दुसऱ्यानें सांगितल्याशिवाय हात लावूं नये. लिहिण्याचें काम घरांतील लहानांत लहान साक्षर व्यक्तीकडे द्यावें. ध्रुवाक्ष साधल्यावर तिवईचे तीन पाय जेथें टेंकले असतील तेथें गच्चीवर तैलरंगानें खुणा कराव्या, व अक्षांशपट्टीवर नखाएवढी रेघ ओढावी. पट्टीच्या छापील आंकड्याशीं ती रेघ जुळेलच असें नाहीं. जेथें मतभेद होईल तेथें रेघ खरी मानावी. दुसऱ्या रात्रीं त्याच खुणांवर तिवई उभी केली कीं पाऊण तासाचें काम दहा मिनिटांवर येतें, आणि उरलेला वेळ आकाश पाहण्यास मोकळा राहतो.